पैनगंगेवरचे आकाश कुणाचे?



कळमनुरीच्या उत्तरेला पैनगंगा वाहते. नदीच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे वऱ्हाड. आज पुसदला किंवा उमरखेडला जायचे तर एस.टी.चे तिकीट काढले की झाले. १९४८ पर्यंत मात्र ही नदी म्हणजे सरहद्द होती. अलीकडे निजामाचे राज्य, म्हणजे लोकांच्या बोलीत मोगलाई. पलीकडे आधी इंग्रजी मुलूख आणि १५ ऑगस्ट १९४७ नंतर स्वतंत्र भारत. वाटेत करोडगिरीचा नाका लागे, म्हणजे जकातीचा. नाणेसुद्धा वेगळे. इकडे हाली, तिकडे कलदार. सात हाली रुपये मोजावे तेव्हा सहा कलदार हाती येत. बाजाराला गेलेल्या माणसाला सरहद्द कळायची ती अशी, खिशातून.

जमिनीवरची हद्द डोळ्यांना दिसते. नाका असतो, दगड असतो, शिपाई असतो. पण त्या नदीवरचे आकाश कुणाचे होते? हा प्रश्न पोरकट वाटेल. पाखरे काय, ढग काय, नदी ओलांडताना कुणाला विचारतात? परंतु १९४८ साली याच प्रश्नावर दिल्ली, हैदराबाद, कराची आणि लंडन येथे खडाजंगी झाली. रात्रीच्या अंधारात विमाने उडाली आणि त्यांच्यातून बंदुका आल्या. आज त्याचीच हकीकत सांगायची आहे. ती शिक्षकांच्या विशेष उपयोगाची आहे, कारण आता कितीतरी मुले संगणकावर विमान चालविण्याचा सराव करतात. पडद्यावरच्या त्या उड्डाणाची आखणी करताना नकाशावर सरळ रेघ ओढून ती मोकळी होतात. ती रेघ कुणाच्या डोक्यावरून जाते, हे मात्र पाहत नाहीत.

आकाशाच्या मालकीचा वाद माणूस उडू लागल्याबरोबर सुरू झाला. फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंचा फुगा १७८३ साली वर गेला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पोलिसांनी परवान्यावाचून फुगे उडवायला बंदी घातली. कायद्याला फुग्यामागोमाग धावायला वर्षसुद्धा लागले नाही! पुढे २५ जुलै १९०९ रोजी ब्लेरिओने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, तेव्हा इंग्रजांचा समुद्राचा खंदक कुचकामी झाला. काही पंडित म्हणू लागले की, हवा समुद्रासारखी सर्वांना मोकळी असावी. १९१० मध्ये पॅरिसला परिषद भरली, पण एकमत झाले नाही. मग पहिले महायुद्ध आले, आकाशातून बाँब पडले, आणि मोकळ्या हवेची भाषा मागे पडली. १९१९ च्या पॅरिस करारात ठरले की, ज्याची जमीन त्याचे वरचे आकाश. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे बावन्न राष्ट्रांनी सह्या केल्या त्या करारातही पहिले कलम हेच आहे. हिंदुस्थान त्या बावन्नांत होता. हा करार ४ एप्रिल १९४७ पासून अमलात आला, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या अवघे चार महिने आधी.

त्या करारातली आणखी तीन-चार कलमे ध्यानात ठेवा, कारण पुढची सारी गोष्ट त्यांच्यावर फिरते. देशाच्या मुलखात किनाऱ्यालगतचा समुद्रही धरला आहे. वेळापत्रकाप्रमाणे चालणाऱ्या विमानसेवेला दुसऱ्या देशावरून जायचे तर त्याची परवानगी लागते. अवचित जाणाऱ्या खाजगी विमानाला जरा सूट आहे, पण खालच्या देशाने ‘उतरा’ म्हटले की उतरले पाहिजे. आणि दारूगोळा असेल तर कसलीच सूट नाही. ज्याच्या डोक्यावरून न्यायचा त्याची परवानगी घेतलीच पाहिजे. शिवाय आपल्या मुलखातल्या एखाद्या जागेवरून कुणी उडू नये असे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे.

तुम्ही म्हणाल, मग माझ्या वावरावरचे आकाश माझे का नाही? विमान घरघरत वावरावरून गेले तर मी फिर्याद करावी काय? आपल्याकडे १९३४ च्या विमान कायद्यात त्याचे उत्तर होते. वाजवी उंचीवरून विमान नुसते उडाले म्हणून अतिक्रमणाचा दावा चालत नाही. तो कायदा नव्वद वर्षे टिकला. त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. शेतकऱ्याची मालकी सातबाऱ्यावर. आकाशाचा सातबारा सरकारच्या नावे.

आता हैदराबादकडे वळू. हे संस्थान लहानसहान नव्हते. सुमारे ब्याऐंशी हजार चौरस मैलांचा मुलूख. मराठवाडा, तेलंगण आणि कानडी जिल्हे मिळून झालेला. मात्र त्याला समुद्र नव्हता. चहूबाजूंनी हिंदुस्थान. निजामाने जून १९४७ च्या फर्मानात जाहीर केले की, इंग्रज गेल्यावर आपण कोणत्याच राज्यात सामील होणार नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी ‘जैसे थे’ करार झाला. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण या बाबतींत इंग्रजांच्या काळी जी व्यवस्था होती तीच एक वर्ष चालू राहील, असे त्यात ठरले.

येथे एक गंमत पाहा. हैदराबाद सरकारची आणि टाटांची भागी असलेली डेक्कन एअरवेज ही कंपनी बेगमपेटहून विमाने उडवीत असे. त्या विमानांच्या अंगावर ‘व्ही.टी.’ ही अक्षरे रंगवलेली असत. ती हिंदुस्थानची खूण. साऱ्या जगात विमान कुठल्या देशाचे हे अशा अक्षरांवरूनच ओळखतात. म्हणजे राज्य म्हणत होते आम्ही स्वतंत्र, आणि त्यांचे विमान आकाशात सांगत होते मी हिंदुस्थानचे.

दुसरी गंमत पैनगंगेच्या पलीकडची. वऱ्हाड हा मुळात निजामाचा प्रांत. १८५३ मध्ये इंग्रजांनी तो कारभारासाठी आपल्या हाती घेतला आणि १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमचा पट्टा करून घेतला. कागदोपत्री मालकी निजामाचीच राहिली. १९३६ मध्ये तर त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. तेव्हा पुसद-उमरखेडच्या आकाशाचा मालक कोण? कागद एक सांगे, कारभार दुसरेच. इंग्रज दोन्हीकडे वरचढ होता तोवर हा प्रश्न कुणाला पडला नाही. तो गेल्यावर कागद पिवळा पडत राहिला आणि व्यवहार राहिला तेवढा खरा ठरला.

१९४८ च्या उन्हाळ्यापर्यंत गोष्टी हातघाईवर आल्या. रझाकारांनी खेडोपाडी धुमाकूळ घातला होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. सरहद्दीपलीकडे कार्यकर्त्यांची केंद्रे होती. आपल्या बाजूला उमरखेडला असेच एक केंद्र होते. भारताने हैदराबादची नाकेबंदी केली. शस्त्रे तर नाहीच, पण इतर मालही जाईना. औषधेदेखील अडतात अशी हैदराबादची तक्रार होती, आणि ती निव्वळ बनाव म्हणून झटकून टाकण्यासारखी नव्हती. नाकेबंदीत भरडली जाते ती रयत.

अशा वेळी एक ऑस्ट्रेलियन वैमानिक पुढे आला. त्याचे नाव सिडनी कॉटन. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर विमानातून गुप्तपणे छायाचित्रे घेण्याच्या कामात त्याने नाव कमावले होते. त्याने लँकास्ट्रियन जातीची विमाने मिळवली. ही चार इंजिनांची विमाने लँकास्टर या बाँबफेकी विमानापासून बनविलेली. कराचीहून रात्री माल भरून ती उडत आणि बीदर, वरंगळ येथील धावपट्ट्यांवर उतरत. मालात औषधे असत असे सांगितले गेले. पण मुख्य माल होता हत्यारे आणि दारूगोळा.

शिक्षकांनी वर्गात नकाशा उघडावा. कराची आणि बीदर यांमध्ये दोरा ताणून धरा. सरळ अंतर तेराशे किलोमीटरहून थोडे अधिक भरेल. दोरा कच्छच्या आखातावरून सौराष्ट्रात शिरेल, खंभातचे आखात ओलांडून दक्षिण गुजरात आणि नाशिक जिल्ह्यावरून येईल, आणि पैठण-बीडच्या बाजूने निजामाच्या मुलखात उतरेल. कोणी म्हणेल, समुद्रावरून वळसा घालून यावे. घाला. पण कोकणच्या किनाऱ्यापासून मोगलाईच्या हद्दीपर्यंत दीडशे-दोनशे किलोमीटर भारताची जमीन आडवी पडलेली आहेच. कोणताही मार्ग घ्या, ती टळत नाही. दोऱ्याची ही एक परीक्षा केली की, मोठमोठ्या वकिलांचे युक्तिवाद ऐकण्याची गरज उरत नाही. हैदराबाद स्वतंत्र होते असे घटकाभर मानले, तरी त्याचे आकाश म्हणजे दार नसलेली माडी होती. माडी तुमची असेल हो. पण जिना शेजाऱ्याच्या ओसरीतून जातो.

आता वेळेचा हिशेब करा. लँकास्ट्रियन ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास चाले. सरळ वाटेने जायला साडेतीन-पावणेचार तास, वळशाने चार-साडेचार. तेवढेच परतायला. उतरून माल काढायचा, तेल भरायचे, त्याला तास-दीड तास. जून-जुलैतली रात्र सुमारे साडेदहा-अकरा तासांची. म्हणजे अंधार पडता पडता निघाले तर उजाडण्यापूर्वी कसेबसे कराचीला परत. खाली पावसाळ्याचे ढग, समोर दिवे मालवलेला मुलूख. वैमानिक म्हणून कॉटन धाडसी होता यात शंका नाही. पण हा हिशेबच त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. केवळ औषधे असती तर खाजगी विमानाने दिवसाढवळ्या यावे, भारताने उतरायला सांगितले तर उतरावे, झडती द्यावी आणि पुढे जावे, अशी वाट करारात होती. जो रात्रच निवडतो त्याच्या पोत्यात काय आहे ते निराळे सांगावे लागत नाही.

मग भारताने ती विमाने अडविली का नाहीत? कारण हद्द कागदावर आखणे सोपे, राखणे कठीण. साऱ्या दख्खनच्या आकाशावर रात्रंदिवस नजर ठेवील अशी यंत्रणा तेव्हा आपल्यापाशी नव्हती. विमानाचा आवाज ऐकू येतो तेव्हा ते डोक्यावर आलेले असते आणि शिकारी विमान वर चढेपर्यंत पुढे गेलेले असते. म्हणून दिल्लीने लंडनकडे आणि कराचीकडे निषेध नोंदवले. विमाने ब्रिटिश नोंदणीची. तेव्हा आपल्या विमानांना आवरण्याची जबाबदारी ब्रिटनची होती. पुढे इंग्लंडमधील न्यायालयात कॉटनला दंड झाला. पण न्यायालयाचा निकाल येईपर्यंत हैदराबादचा निकाल लागून गेला होता.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबादच्या हद्दीत शिरले. मुख्य फौज मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरच्या बाजूने आली. हवाई दलाच्या टेंपेस्ट विमानांनी निजामाच्या धावपट्ट्यांवर हल्ले केले. जमिनीचा ताबा घेण्याआधी आकाशाचे दार लावले, असे म्हणा. १७ सप्टेंबरला निजामाने माघार घेतली. तो दिवस मराठवाड्यात मुक्तिदिन म्हणून पाळतात. रझाकारांच्या जाचातून लोक सुटले, हे खरेच. त्यानंतरच्या आठवड्यांत अनेक गावी निरपराध मुसलमान कुटुंबांवर अत्याचार झाले, हेही खरे. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची नोंद केली आहे. पोरांना इतिहास सांगताना दोन्ही पाने उलटावीत.

हैदराबादशेजारी गोवा ठेवून पाहिला म्हणजे मुद्दा अधिक उमगतो. १९५५ नंतर भारताने गोव्याचीही नाकेबंदी केली होती. पण पोर्तुगिजांच्या हाती समुद्र होता. त्यांनी दाभोळीचा विमानतळ उभारला आणि आपली विमानसेवा काढून कराचीपर्यंत चालविली. पुन्हा तोच दोरा घ्या आणि गोवा ते कराची ताणा. अंतर जवळजवळ तेवढेच, पावणेतेराशे किलोमीटर. मात्र हा दोरा जवळपास सगळा पाण्यावरून जातो. द्वारकेपाशी तेवढा थोडा पश्चिमेला ढकलला की भारताची हद्द टळते. शिवाय त्या काळी किनाऱ्यालगतची समुद्री हद्दही आजच्यापेक्षा अरुंद होती. आज ती बारा सागरी मैल, म्हणजे बावीस किलोमीटर आहे. म्हणून पोर्तुगिजांना रात्रीची वाट धरावी लागली नाही. ती वेळ आली एकदाच, डिसेंबर १९६१ मध्ये. भारतीय सैन्य गोव्यात शिरल्यावर दोन विमाने अंधारात, समुद्राला लागून, कराचीकडे निसटली.

याच पोर्तुगिजांच्या दादरा-नगरहवेलीला मात्र हैदराबादसारखाच समुद्र नव्हता. ते हातचे गेले तेव्हा, भारताच्या जमिनीवरून तेथे जाण्याचा आपल्याला हक्क आहे, असा दावा त्यांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लावला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि साधा माल यांना वाट होती. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हती, असे न्यायालयाने म्हटले. हा निकाल जमिनीच्या वाटेचा, पण कॉटनच्या विमानांनाही तोच गज लागतो.

आता संगणकावरच्या उड्डाणाकडे येऊ. सरावाच्या यंत्रात कोणी शिकारी विमान मागे लागत नाही, कोणी खटला भरत नाही. त्यामुळे मुलांना वाटते आकाश म्हणजे मोकळे रान. शिकविणाऱ्याने सांगावे की, आकाशाला लांबी-रुंदीबरोबर मजलेही असतात आणि वेळापत्रकही असते. भारतावरचे आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई अशा मोठ्या माहिती-क्षेत्रांत वाटलेले आहे. एकातून दुसऱ्यात जाताना वैमानिकाची जबाबदारी एका केंद्राकडून दुसऱ्याकडे सोपविली जाते. विमानतळांभोवती नियंत्रणाची वर्तुळे असतात. त्यांशिवाय तीन प्रकारच्या जागा नकाशावर आखलेल्या असतात. निषिद्ध म्हणजे जायचेच नाही. दिल्लीचे राष्ट्रपती भवन, तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र ही याची उदाहरणे. प्रतिबंधित म्हणजे अटी पाळून जायचे. तिसरी धोक्याची, जिथे ठराविक वेळी तोफांचा वा विमानांचा सराव चालतो. कुठली हद्द जमिनीपासून किती फुटांपर्यंत आणि किती वाजेपर्यंत, हे लिहिलेले असते. ते न वाचता नुसती आकृती पाहणे म्हणजे बाजाराचा वार न विचारता बैल घेऊन निघणे.

शिवाय या हद्दी कायमच्या नसतात. वैमानिकांसाठी रोज सूचना निघतात, त्यांना ‘नोटॅम’ म्हणतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले ते जुलैपर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना पुन्हा दारे लावली, आणि दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या आपल्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडला. तेल जास्त जळाले, तास वाढले. कच्छची रेघ नकाशावर तीच होती. सूचनेचा कागद तेवढा बदलला.

खेड्यातही हा विषय येऊन ठेपला आहे. फवारणीचा ड्रोन पाहिला नाही असा शेतकरी आता विरळा. ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोनचे नियम झाले आणि त्याच वर्षी साऱ्या देशाचा रंगीत नकाशा सरकारने प्रसिद्ध केला. हिरव्या भागात चारशे फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही, पिवळ्यात लागते, तांबड्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. विमानतळापासून आठ ते बारा किलोमीटरांच्या पट्ट्यात दोनशे फुटांवर आकाश पिवळे होते. कळमनुरीहून नांदेडचा विमानतळ सरळ रेषेत पन्नासएक किलोमीटर. तो पट्टा इथवर पोचत नाही. पण नकाशाचा रंग बदलू शकतो, म्हणून ड्रोन उडविण्याच्या दिवशी तो पाहावा. शेजारचा म्हणाला म्हणून चालत नाही.

वर्गासाठी एक अभ्यास सुचवतो. मुलांचे दोन गट करावेत. एकाने १९४८ चा नकाशा घ्यावा, दुसऱ्याने आजचा. दोघांनीही कराची ते बीदर उड्डाण आखावे. पहिल्या गटाने प्रत्येक शंभर किलोमीटरला खाली कुणाचा मुलूख होता ते लिहावे. वाटेत कच्छ, सौराष्ट्र, मुंबई इलाखा अशी नावे येतील. दुसऱ्या गटाने कोणत्या केंद्राकडून कोणत्या केंद्राकडे जावे लागेल ते शोधावे, आणि शेवटी उतरायची जागा नीट पाहावी. कॉटनची विमाने अंधारात उतरत ते बीदर आज भारतीय हवाई दलाचे ठाणे आहे, आणि तिथे लढाऊ वैमानिक तयार होतात.